स्ट्रीमर आणि बाहेरचा डॅक: जोडी जमवायची कशी, पहिल्या केबलपासून शेवटच्या सेटिंगपर्यंत

बरेच जण आधी स्ट्रीमर घेतात, मग काही महिन्यांनी कुणीतरी सांगतं की बाहेरचा डॅक लावला की आवाज खुलतो म्हणून डॅक मागवतात, आणि दोन्ही डबे टेबलावर आले की मागची बाजू बघून प्रश्न पडतो की आता याची कुठली वायर त्याच्यात जाणार. मला वाटतं हा क्रमच उलटा आहे. स्ट्रीमर आणि डॅक जोडी म्हणूनच निवडायचे. दोघांमधली ती एक केबल आणि अ‍ॅपमधली चार-पाच सेटिंग्ज यांच्यावर जेवढं अवलंबून असतं तेवढं डॅकच्या किमतीवर नसतं. म्हणून इथे सगळा भर त्या मधल्या जोडावर देतोय. घरात एखादा जुना मरांट्झ किंवा सोनोडाइनचा अ‍ॅम्प आहे, बरे स्पीकर आहेत, आणि आता नेटवरून, फोनवरून, हार्डडिस्कवरून गाणं ऐकायचंय, अशा माणसाला समोर ठेवून लिहितोय.

कोण काय करतं ते पटकन सांगतो. स्ट्रीमर वायफायवरून किंवा लॅनवरून गाण्याची फाइल आणतो, उलगडतो आणि आकड्यांचा प्रवाह पुढे सोडतो. डॅक त्या आकड्यांचं व्होल्टेज करतो, आणि अ‍ॅम्पला फक्त व्होल्टेज कळतं. आजच्या जवळपास प्रत्येक स्ट्रीमरमध्ये एक डॅक आतच असतो (आयफायचा झेन स्ट्रीम हा अपवाद, त्याला अ‍ॅनालॉग आउटपुटच नाही, तो फक्त आकडे देतो), त्यामुळे बाहेरचा डॅक लावायचा म्हणजे आतला बाजूला ठेवून त्याचं काम दुसऱ्याला द्यायचं, एवढंच.

आधी बघा, डॅक लागतोय का

हे पैशांचं आहे म्हणून आधी. तुमच्या अ‍ॅम्पच्या मागे डिजिटल, म्हणजे ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्स इनपुट असेल तर त्याच्या पोटात डॅक आहेच, स्ट्रीमर सरळ तिथे जोडा आणि महिनाभर ऐका. एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा डबा) असेल तर हे शंभर टक्के लागू, कारण रिसीव्हर बाहेरून आलेला अ‍ॅनालॉग आवाज बहुतेक वेळा परत डिजिटल करतो आणि मग त्यावर प्रोसेसिंग करतो, म्हणजे तुमच्या महागड्या डॅकचं काम परत पुसलं जातं. रिसीव्हरला डायरेक्ट किंवा प्युअर डायरेक्ट मोड असेल तरच बाहेरच्या डॅकला अर्थ आहे.

स्ट्रीमर कुठला आहे यावरही आहे. वीम कंपनीच्या मिनी स्ट्रीमरमधला डॅक साधाच आहे, तिथे बाहेरचा डॅक लावून फरक पडू शकतो. वीम प्रो प्लसमध्ये मात्र एकेएमची एके४४९३ मालिकेतली चिप आहे, म्हणजे टॉपिंगच्या मूळ ई३० सारख्या बाहेरच्या डॅकमध्ये ज्या कुळातली चिप होती त्याच कुळातली, तिथे दहा हजारांच्या आसपासचा बाहेरचा डॅक लावून आकाशपाताळाचा फरक शोधत बसू नका. हल्लीचे चांगले बनवलेले स्वस्त डॅकसुद्धा इतके शांत आणि स्वच्छ असतात की त्यांची खरखर, डिस्टॉर्शन घरात ऐकू येण्याच्या बरंच खाली असतं. हॉलमध्ये टाइल्स, मोकळ्या भिंती आणि मोठी स्लायडिंगची काच असेल तर स्पीकरसमोर एक जाड गालिचा आणि काचेवर जाड पडदा, याने जो फरक पडेल तो कुठलाच डॅक पाडणार नाही, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

मग बाहेरचा डॅक कधी घ्यावा? स्ट्रीमरचा आतला डॅक कमकुवत असेल तेव्हा, टीव्ही, सीडी प्लेअर, स्ट्रीमर असे दोन-तीन डिजिटल सोर्स एकाच ठिकाणी आणायचे असतील तेव्हा (हे मला सगळ्यात भक्कम कारण वाटतं), अ‍ॅम्पला बॅलन्स्ड एक्सएलआर इनपुट आहे आणि लांब केबल टाकायची आहे तेव्हा, हेडफोनही त्याच डब्यावर लावायचेत तेव्हा. आणि अजून एक, डॅक दहा वर्षं टिकतो पण स्ट्रीमर टिकेलच असं नाही, कारण त्याचं अ‍ॅप, त्याचे सर्व्हिसेसशी असलेले करार हे सगळं कंपनीच्या हातात असतं. गूगलचं क्रोमकास्ट ऑडिओ २०१५ मध्ये आलं, ऑप्टिकल आउटपुट असलेलं इतकं स्वस्त दुसरं काही नव्हतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये ते बंद झाल्याची बातमी आली. ज्यांनी त्याच्यापुढे वेगळा डॅक लावला होता त्यांना बदलायची वेळ आली तेव्हा फक्त स्ट्रीमर बदलावा लागला. पैसे कुठे घालायचे याचं उत्तर यातच आहे, स्ट्रीमर साधा आणि डॅक टिकाऊ.

कागद-पेन घ्या

खरेदीच्या आधी एका कागदावर डावीकडे स्ट्रीमरची आउटपुट्स आणि उजवीकडे डॅकची इनपुट्स लिहा, मागच्या पॅनेलचा फोटो बघून लिहा, जाहिरातीतल्या ओळी वाचून नाही. दोन्हीकडे समान असलेला एक तरी जोड हवा. हे इतकं उघड वाटतं ना, पण इथेच लोक फसतात. उदाहरण घ्या, वीम प्रोला ऑप्टिकल आणि कोअ‍ॅक्स आउटपुट आहे, त्याचं यूएसबी-सी पोर्ट फक्त वीज घ्यायला आहे. आयफायच्या झेन डॅकला डिजिटल इनपुट एकच, यूएसबी. दोन्ही आपापल्या जागी उत्तम वस्तू, पण एकमेकांना जोडताच येत नाहीत. तेच झेन स्ट्रीमला यूएसबी आणि कोअ‍ॅक्स आउटपुट आहे पण ऑप्टिकल नाही. वीम मिनीला डिजिटलमध्ये फक्त ऑप्टिकल. वीम अल्ट्रा, ब्लूसाउंडचा नवा नोड, एव्हरसोलोचा डीएमपी-ए६ यांना यूएसबी ऑडिओ आउटपुट आहे. डॅकच्या बाजूला टॉपिंग ई३०, एसएमएसएल एसयू-१, शीटचा मोडी प्लस यांना यूएसबी, ऑप्टिकल, कोअ‍ॅक्स तिन्ही आहेत, त्यामुळे पहिला डॅक घेताना अशा तीन इनपुटवाल्याकडेच बघा. कॉर्डच्या क्यूटेस्टला कोअ‍ॅक्सच्या जागी बीएनसी सॉकेट आहेत, तिथे आरसीए ते बीएनसी असं कनेक्टर किंवा तशी केबल लागते, ऐनवेळी धावपळ नको म्हणून आधीच आणून ठेवा.

यूएसबीत एक खास खोच आहे. स्ट्रीमरवर चपटं यूएसबी पोर्ट दिसलं म्हणजे त्यातून आवाज बाहेर येतोच असं नाही, बऱ्याच स्ट्रीमरवर ते फक्त पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क लावायला असतं. स्पेसिफिकेशनमध्ये ‘यूएसबी ऑडिओ आउट’ असं स्पष्ट लिहिलेलं शोधा, नसेल तर नाही असं समजा.

रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) हा स्वस्तातला आणि माझ्या मते आजही फार चांगला मार्ग. पाय ४, त्यावर व्हॉल्युमिओ किंवा मूड ऑडिओ हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर टाकायचं, यूएसबी डॅक लावायचा, झालं. जुना पाय ३ असेल तर त्यात यूएसबी आणि लॅन एकाच अंतर्गत वाटेवर असल्याने मोठ्या फाइल्सना कधीकधी अडखळायचं, २०१९ च्या पाय ४ मध्ये ही भानगड गेली. कोअ‍ॅक्स किंवा ऑप्टिकलच हवं असेल तर हायफायबेरीचं डिजी बोर्ड पायच्या डोक्यावर बसतं.

तीन वाटा, आणि कुठली कधी

ऑप्टिकल म्हणजे टॉसलिंक, तोशिबाने १९८३ मध्ये आणलेलं. प्रकाशाने जातं, तांबं नाही, त्यामुळे दोन डब्यांमध्ये विजेचा काहीही संबंध राहत नाही आणि हम, भुणभुण यांचा रस्ताच बंद होतो. आपल्याकडच्या अर्थिंगची अवस्था बघता हा गुण फार मोठा आहे. मर्यादा अशी की २४ बिट ९६ किलोहर्ट्झपर्यंत (म्हणजे आवाजाची सेकंदाला ९६ हजार मापं, प्रत्येक माप २४ बिटचं) ते बिनघोर चालतं, १९२ ला काही जोड्या चालतात काही अडखळतात, केबलवर आणि दोन्हीकडच्या ऑप्टिकल भागांवर ते ठरतं.

कोअ‍ॅक्स साध्या आरसीए सॉकेटमधून जातं, २४/१९२ निवांत, पण केबल ७५ ओहमची हवी. यासाठी हजारो रुपयांची केबल नको, जुन्या डीव्हीडी प्लेअरबरोबर आलेली पिवळ्या टोकाची व्हिडिओ केबल ७५ ओहमचीच असते, घरात पडलेली असेल तर तीच लावा. नसेल तर पुण्यात तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला ७५ ओहम सांगून मीटर-दीड मीटरची चांगली केबल मिळते. लाल-पांढरी ऑडिओची केबलही छोट्या अंतरात बरेचदा चालून जाते, पण मुद्दाम तीच कशाला लावायची.

या दोन्ही वाटांत घड्याळ स्ट्रीमरचं असतं, आकड्यांबरोबर ठेकाही त्याच केबलमधून जातो आणि डॅकला तो ऐकून ऐकून पकडावा लागतो. यूएसबीत उलटं. आजचे बहुतेक यूएसबी डॅक असिंक्रोनस पद्धतीने चालतात, म्हणजे घड्याळ डॅकचं, आणि डॅकच स्ट्रीमरला सांगतो की एवढे आकडे पाठव, आता जरा थांब. त्यामुळे जिटरची, म्हणजे ठेक्यातल्या बारीक गडबडीची, चिंता स्ट्रीमरवर राहत नाही, वेगही ३८४, ७६८ पर्यंत जातो, डीएसडी हा वेगळ्या पद्धतीच्या फाइलींचा प्रकारसुद्धा मोठ्या दराने जातो. (कोअ‍ॅक्सवर डीएसडी पाठवायचं तर पीसीएमच्या (नेहमीच्या डिजिटल आवाजाच्या) वेष्टनात घालून, आणि डीएसडी६४ साठीसुद्धा १७६.४ किलोहर्ट्झची वाट लागते, म्हणून ते तिथेच संपतं.) यूएसबीचा तोटा म्हणजे त्यात ग्राउंड आणि पाच व्होल्टची तार असते, आणि स्ट्रीमरच्या किंवा पायच्या अ‍ॅडॉप्टरचा गोंगाट त्या तारेतून डॅकमध्ये येऊ शकतो.

माझा कौल विचाराल तर, सगळं ऐकणं १६/४४.१ (म्हणजे सीडीचा दर्जा) आणि २४/९६ मध्ये असेल, म्हणजे बहुतेकांचं असतंच, तर ऑप्टिकलने सुरुवात करा. ते शांत चालतं आणि पुढचे अर्धे त्रास होतच नाहीत. १९२ च्या फाइल्स खरोखर असतील तर कोअ‍ॅक्स. डीएसडीचा संग्रह असेल किंवा रास्पबेरी पाय असेल तर यूएसबी. एचडीएमआयच्या सॉकेटमधून जाणारा आयटूएस हा चौथा प्रकार काही महागड्या डब्यांवर दिसतो, पण पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते, दोन्ही डबे एकाच कंपनीचे असल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता प्रत्यक्ष जोडणी

अ‍ॅम्प बंद, व्हॉल्यूम शून्यावर. हा नियम प्रत्येक वेळी पाळायचा.

डॅकची आरसीए आउटपुट अ‍ॅम्पच्या सीडी किंवा ऑक्समध्ये जोडा. फोनोमध्ये चुकूनही नाही, तो इनपुट रेकॉर्ड प्लेअरच्या काही मिलिव्होल्टसाठी बनलेला आहे आणि डॅक दोन व्होल्ट देतो. दोन व्होल्ट हा सीडी प्लेअरपासून चालत आलेला आकडा आहे, जुन्या अ‍ॅम्पना तो जरा जास्त होतो आणि व्हॉल्यूमची नॉब आठ-नऊच्या काट्यावरच घर दणाणून जातं. क्यूटेस्टसारख्या डॅकवर एक, दोन, तीन व्होल्ट असं निवडता येतं, तिथे जुन्या अ‍ॅम्पसाठी एक व्होल्ट ठेवा, नॉब फिरवायला जागा मिळते.

ऑप्टिकल केबल लावताना दोन्ही टोकांवरची पारदर्शक प्लास्टिकची टोपी काढा. ती इतकी बारीक आणि स्वच्छ असते की दिसतच नाही, आणि ती तशीच ठेवून केबल सॉकेटमध्ये कोंबली की ना नीट बसते ना आवाज येतो. स्ट्रीमर चालू करून केबलचं मोकळं टोक तळहातावर धरा, लाल ठिपका दिसला म्हणजे तिकडून माल निघतोय. प्लगचा आकार एका बाजूने कापल्यासारखा असतो, तो सॉकेटशी जुळवून टक असा आवाज येईपर्यंत ढकला. केबल भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात दुमडू नका, आतला तंतू तडकतो आणि मग आवाज येतो-जातो येतो-जातो, आणि माणूस दोष डॅकला देत बसतो.

यूएसबी डॅकला वीज कुठून द्यायची तेही बघा. वेगळं पॉवर सॉकेट असेल तर स्ट्रीमरच्या यूएसबीवर भार टाकू नका, पाच व्होल्टचा बरा अ‍ॅडॉप्टर द्या, फोनचा जुना दर्जेदार चार्जर बहुतेक ठिकाणी पुरतो, फक्त डॅकला किती अँपिअर लागतात ते मॅन्युअलमध्ये वाचून घ्या. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच मिळतात, त्यावर हार्डडिस्क आणि डॅक दोन्ही टांगले की मध्येच डिस्क गायब होणं, गाणं थांबणं हे प्रकार सुरू होतात.

नेटसाठी जमलं तर लॅन केबल टाका. १६/४४.१ ला सेकंदाला १.४ मेगाबिट लागतात, २४/१९२ ला कॉम्प्रेस न करता ९.२, म्हणजे वेग फार नकोय, पण सोसायटीत प्रत्येक फ्लॅटमध्ये राउटर असतो आणि २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा संध्याकाळी गच्च भरलेला असतो, तिथे अडखळतं. लॅन शक्य नसेल तर स्ट्रीमर ५ गिगाहर्ट्झवर टाका. लॅन केबल साधी अनशील्डेड घ्या, धातूच्या टोकाची शील्डेड केबल राउटरचं ग्राउंड स्ट्रीमरपर्यंत आणून एक नवीन वाट उघडू शकते, साधीत ती वाट नसते.

सेटिंग्ज, याच क्रमाने

पहिलं, अ‍ॅपमध्ये आउटपुट निवडा. वीमच्या अ‍ॅपमध्ये ऑडिओ आउटपुटमध्ये जाऊन लाइन आउटऐवजी ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्स करायचं, तिथेच कमाल सॅम्पल रेट (९६, १९२ हे आकडे) आणि बिट डेप्थ (१६, २४) असते, ती तुमच्या डॅकला झेपेल तेवढी ठेवा. जास्त ठेवली तर मोठ्या फाइलवर शांतता, कमी ठेवली तर स्ट्रीमर आपल्या मनाने रेट खाली आणतो आणि तुम्हाला कळतही नाही. व्हॉल्युमिओमध्ये प्लेबॅक ऑप्शन्समध्ये यूएसबी डॅकचं नाव दिसतं, ते निवडून सेव्ह करा, रिसॅम्पलिंग (म्हणजे मध्येच रेट बदलणं) बंद ठेवा.

दुसरं, व्हॉल्यूम, आणि इथे नीट लक्ष द्या. आवाजाची नॉब संपूर्ण साखळीत एकाच ठिकाणी फिरली पाहिजे. अ‍ॅम्पला नॉब आहे, तर स्ट्रीमरवर फिक्स्ड व्हॉल्यूम करा, व्हॉल्युमिओत मिक्सर टाइप ‘नन’ करा, आणि डॅकला प्रीअ‍ॅम्प मोड असेल तर तो काढून साध्या डॅक मोडवर ठेवा. पण तुमचे स्पीकर आतच अ‍ॅम्प असलेले, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह असतील, किंवा डॅक सरळ पॉवर अ‍ॅम्पला जोडला असेल आणि मध्ये कुठेच नॉब नसेल, तर फिक्स्ड करताक्षणी पूर्ण दोन-चार व्होल्ट स्पीकरवर जातील, ट्विटर जाऊ शकतो, कानांना इजा होऊ शकते, घरात लहान मूल असेल तर ते दचकून रडेल ते वेगळंच. अशा ठिकाणी नॉब डॅकची वापरा आणि स्ट्रीमर फिक्स्ड ठेवा, तेही डॅक आधी अगदी खाली आणून, मगच. डिजिटल व्हॉल्यूमने बिट जातात म्हणून घाबरायचं काम नाही, एक बिट म्हणजे साधारण ६ डेसिबल, १६ बिटचं गाणं २४ बिटच्या वाटेने जातंय तर ४८ डेसिबल खाली येईपर्यंत गाण्याचा एकही बिट गळत नाही.

तिसरं, आवाजात ढवळाढवळ करणाऱ्या सगळ्या गोष्टी बंद करा, इक्वलायझर, व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन, क्रॉसफेड. हे फोनमधल्या सर्व्हिसच्या अ‍ॅपमध्येही बघा आणि स्ट्रीमरच्या अ‍ॅपमध्येही, दोन्हीकडे वेगवेगळं असतं. रूम करेक्शन मुद्दाम केलं असेल तर ते जरूर ठेवा, खोलीतला घुमणारा बास त्याने सुधारतो आणि तो फायदा बिट-परफेक्टच्या, म्हणजे आकडे जसेच्या तसे पोचवण्याच्या हट्टापेक्षा मोठा आहे. फक्त सगळं जोडून तपासेपर्यंत बंद असू द्या.

डॅकवरचे फिल्टर, फास्ट, स्लो, अमुक-तमुक, कारखान्यातून आलेत तसेच ठेवा आणि पुढे चला.

डॅकपर्यंत खरंच काय पोचतंय

डॅकला डिस्प्ले किंवा रंग बदलणारा दिवा असेल तर तोच तुमचा साक्षीदार. ४४.१ ची फाइल लावा, डिस्प्लेवर ४४.१ यायला हवं. ९६ ची लावा, ९६. काहीही लावलं तरी ४८ च दिसत असेल तर मध्ये कुणीतरी रिसॅम्पल करतंय, अँड्रॉइडच्या फोनवरून किंवा अँड्रॉइड टीव्हीवरून येत असेल तर नेहमीचा संशयित तोच. मॅकवर अ‍ॅपल म्युझिक गाण्याप्रमाणे रेट आपोआप बदलत नाही, ऑडिओ मिडी सेटअपमध्ये हाताने बदलावा लागतो, आयफोन-आयपॅडवर मात्र बदलतो.

आता सर्व्हिसचा विषय. टायडल आणि कोबझ, ज्यांच्याभोवती परदेशातले बहुतेक लेख फिरतात, त्या भारतात अधिकृतपणे मिळत नाहीत, अमेरिकेत असलेल्या आपल्या लोकांनी त्या बघाव्यात. अ‍ॅपल म्युझिकवर २०२१ पासून लॉसलेस (काहीही न गाळलेला आवाज) आहे, २४/१९२ पर्यंत, वेगळे पैसे न घेता. पण बऱ्याच स्ट्रीमरवर ते अंगभूत नसतं, एअरप्लेने (अ‍ॅपलच्या वायरलेस वाटेने) पाठवावं लागतं आणि त्यावर हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा वरचा दर्जा, पोचत नाही. पूर्ण दर्जा हवा असेल तर सोपा उपाय म्हणजे घरातला जुना आयपॅडच स्ट्रीमर करा, यूएसबी अ‍ॅडॉप्टरने तो सरळ डॅकला लावा आणि चार्जिंगची सोय असलेला अ‍ॅडॉप्टर घ्या. स्पॉटिफायने २०२५ मध्ये लॉसलेस आणलं, त्याआधी वरची मर्यादा ३२० केबीपीएस होती. तुमच्या प्लॅनमध्ये ते आहे का बघा, आणि स्पॉटिफाय कनेक्टनेच वाजवा, म्हणजे स्ट्रीमर गाणं सरळ नेटवरून घेतो आणि फोन फक्त रिमोट राहतो. ब्लूटूथने पाठवणार असाल तर या सगळ्या खटाटोपाचा उपयोग नाही.

आणि घरातल्या सीड्या! आपल्याकडे शास्त्रीय आणि नाट्यसंगीताचं कितीतरी ध्वनिमुद्रण सीडीवर आहे जे कुठल्याच सर्व्हिसवर नीट नावानिशी सापडत नाही, राग एकाचा, गायक दुसरा, असं लावलेलं असतं. त्या सीड्या फ्लॅकमध्ये (लॉसलेस फाइलमध्ये) काढून हार्डडिस्कवर ठेवा, एक सीडी साधारण ३००-४०० एमबी होते. फाइलला राग, ताल, साथीदार यांची नावं स्वतः भरा. माझ्या दृष्टीने स्ट्रीमर घेण्याचं सगळ्यात सुंदर कारण हेच आहे. जुन्या ७८ आरपीएम तबकड्यांवरून आलेल्या मुद्रणांना मात्र २४/१९२ चं लेबल लागलं म्हणून भुलू नका, मूळ तबकडीवर जे नाही ते आकडे वाढवून येत नाही.

हम आली तर

ऑप्टिकल सोडून बाकी वाटांवर ही वेळ येतेच कधीतरी. पद्धत अशी. अ‍ॅम्प चालू ठेवून डॅक लावलेला इनपुट निवडा, काही वाजवू नका, आवाज हळूहळू वाढवा. जाड, एकसुरी हम असेल तर ती विजेच्या ५० हर्ट्झची किंवा तिच्या दुपटीची. बारीक किरकिर, टिकटिक असेल, माउस हलवला किंवा फाइल लोड झाली की बदलणारी, तर ती यूएसबीतून येतेय.

आता एकेक वायर सोडवा, प्रत्येक वेळी अ‍ॅम्पचा आवाज शून्यावर आणून. आधी टीव्ही. सेटटॉप बॉक्सला केबलवाल्याची कोअ‍ॅक्स येते, तिचं ग्राउंड इमारतीच्या दुसऱ्याच टोकाला कुठेतरी असतं, ते टीव्हीतून तुमच्या अ‍ॅम्पमध्ये येतं आणि घरात दोन वेगळ्या अर्थचं वेटोळं तयार होतं. ती वायर काढताच हम थांबली तर चोर सापडला, टीव्ही डॅकला ऑप्टिकलने जोडा, प्रश्न मिटला. तिथे काही नसेल तर स्ट्रीमर-डॅकची केबल काढा, मग लॅन, मग लॅपटॉपचा चार्जर.

सगळे डबे एकाच स्पाइकबस्टरवर, एकाच भिंतीच्या सॉकेटवरून घ्या. धातूच्या डब्याला हात लावल्यावर चुणचुण होत असेल तर दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरमधून बारीक गळती होत असते, किंवा घरात अर्थच नीट नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवून मोजून घ्या, फेज ते अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट यायला हवेत. हम घालवायला अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर कृपया ऐकू नका, आत काही बिघाड झाला तर सगळ्या धातूच्या डब्यात करंट उतरतो. आणि लाइट गेल्यावरच भुणभुण येत असेल तर इन्व्हर्टर बघा, स्क्वेअर वेव्हचा असेल तर अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणणारच, साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर ते होत नाही.

फरक ऐकायचाय तर असा ऐका

आतला डॅक आणि बाहेरचा डॅक यांची तुलना करताना सगळ्यात मोठी फसगत आवाजाच्या पातळीत असते. एक डॅक दोन व्होल्ट आणि दुसरा सव्वादोन देत असेल तर दुसरा एक डेसिबलने मोठा वाजतो, आणि कानाला तो मोठा न वाटता ‘जास्त मोकळा’ वाटतो. म्हणून १०० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा, साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा (साधे मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला चुकतात, १०० ला बरोबर दाखवतात), आणि दोन्हीकडचा आकडा एक टक्क्याच्या आत आणा. शॉर्ट होऊ देऊ नका, आवाज हळू ठेवा. मग घरातल्या कुणालातरी इनपुट बदलायला सांगा, तुम्ही पाठ करून बसा.

ऐकायला तानपुरा लावा. नुसता तानपुरा, चांगला जुळलेला. जवारीतून जे स्वर उमटत राहतात, एकात एक मिसळून पुन्हा वेगळे होतात, तिथे धूसरपणा लगेच कळतो. मग तबल्यात डाव्याची मींड आणि तिचं विरणं ऐका, चाटीवरच्या बोलाची कड ऐका. गायकाचा श्वास ऐका. या गोष्टी आपल्या कानाला लहानपणापासून ओळखीच्या आहेत, परदेशी टेस्ट ट्रॅकपेक्षा त्यांच्यावर आपला निवाडा पक्का असतो. चार-पाच वेळा अदलाबदल करून ओळखता आलं नाही तर डॅक परत करायची मुदत संपायच्या आत परत करा, पैसे स्पीकरसाठी ठेवा.

राहिलेल्या बारीक कटकटी. गाण्याचा पहिला अर्धा सेकंद गिळला जातो, आलापाचा पहिला ‘आ’च जातो, हे फार टोचतं. कारण रेट बदलला किंवा प्रवाह थांबला की डॅक म्यूट होऊन परत लॉक घेतो. एका अल्बमच्या आत हे होऊ नये, होत असेल तर गॅपलेस (दोन गाण्यांमध्ये खंड न पाडणारी सेटिंग) चालू आहे का बघा, आणि डॅकचा ऑटो स्टँडबाय बंद करा. दर गाण्याला रेट बदलणारी प्लेलिस्ट ऐकत असाल आणि प्रत्येक वेळी ‘टक’ येत असेल तर स्ट्रीमरचा आउटपुट एकाच रेटवर बांधून टाका, चांगल्या स्ट्रीमरचं रिसॅम्पलिंग कानाला कळत नाही, टक मात्र रोज कळते. ऑप्टिकलवर फक्त १९२ च्या गाण्यांना कटकट होत असेल तर मर्यादा ९६ करा. यूएसबी डॅक मध्येच दिसेनासा होत असेल तर आधी केबल बदला, जमेल तितकी आखूड घ्या, मग अ‍ॅडॉप्टर.

सगळं जुळलं की सेटिंग्जच्या स्क्रीनचे फोटो काढून ठेवा, कारण फर्मवेअर अपडेटनंतर एखादी सेटिंग मूळपदावर जाऊ शकते, आणि त्यातली व्हॉल्यूमची सेटिंग गेली तर धोका असतो. अपडेट झाल्यावर पहिलं गाणं लावायच्या आधी अ‍ॅम्पची नॉब शून्यावर, अ‍ॅक्टिव्ह स्पीकर असतील तर स्पीकर बंद, मग अ‍ॅप उघडून आउटपुट आणि व्हॉल्यूम फोटोशी ताडून बघायचं, आणि मगच प्ले दाबायचं.